भुंग्यातली एकोणिसावी जागा

चि. ढब्बू,

मामाचे आशीर्वाद. सात महिने पाठवले नव्हते, ते साठले आहेत. सगळे एकदम घे. ताईचे गुडघे कसे आहेत? तुझं पित्त कसं आहे? जेवण वेळेवर होतं की अजून फायलीवरच डबा उघडतोस? (तू चौतिसाचा झालास आणि तुझ्या हाताखाली बारा माणसं आहेत हे मला माहीत आहे. पण तुला ढब्बू हे नाव मी ठेवलं आहे आणि ते काढून घ्यायचा अधिकारही माझाच आहे. अजून घेतलेलं नाही, यावरून काय ते समज.) आमच्याकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे ठीक काही नाही. रोज सकाळी दहाला पाच कमी असताना मी गच्चीवर जाऊन उभा राहतो आणि कान देतो. पूर्वी त्या वेळेला भुंग्याचा, म्हणजे आमच्या छोट्या विमानाचा, आवाज यायचा आणि मग मी खाली येऊन दुसरा चहा घ्यायचो. आता आठवड्यातले पाच दिवस आवाज येत नाही आणि चहा निवतो. तुझी मामी म्हणते, ज्या दिवशी विमान नाही हे पाठ आहे, त्या दिवशी तरी वर जाऊ नका. तिचं बरोबर आहे. तरी मी जातो.

सात महिने मी पत्र का लिहिलं नाही, हे तुला माहीत आहे. तू ज्या मोठ्या कंपनीत विमानांची भाडी आणि वेळापत्रकं ठरवतोस, तिचं बहात्तर आसनांचं विमान आमच्या गावाला यायला लागलं, त्या दिवशी मी शाळेच्या सभागृहात भाषण केलं आणि सांगितलं की या विमानात पाय ठेवेल त्याने माझ्या घरात पाय ठेवू नये. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून शिंपीकाकांनी विचारलं, "तुमचा भाचाच त्या कंपनीत आहे ना हो? मग त्याचं काय?" मी म्हणालो, त्यालाही हाच नियम. पुन्हा टाळ्या पडल्या. भाषणात सुचलेलं वाक्य घरी निस्तरावं लागतं, हा अनुभव मला चाळीस वर्षांचा आहे. तरी टाळ्यांचा आवाज आला की तो मी विसरतो.

तुझं म्हणणं मला ठाऊक आहे. शेवटच्या पत्रात तू लिहिलं होतंस की मामा, बाजार मोकळा झाला आहे, ज्याला जिथे उडायचं तिथे तो उडेल, प्रवाशाला स्वस्त तिकीट मिळतं यात वाईट काय? वाईट काहीच नाही. शिंपीकाकांची मुलगी तुमच्या विमानातून आयुष्यात पहिल्यांदा उडाली आणि मुलाखत देऊन नोकरी घेऊन आली, हे मी सभेत सांगितलं नाही, पण तुला सांगतो. मी वाचनालयाचा प्रमुख होतो. एका बाजूचंच पुस्तक वाचून मत बनवणाऱ्यांना मी आयुष्यभर दुसरं पुस्तक हातात दिलेलं आहे. पण ज्याच्याकडे दोनशे विमानं आहेत आणि ज्याच्याकडे एकच आहे, त्या दोघांना एका आखाड्यात सोडून पंचाने बाहेर चहाला जायचं, याला मी कुस्ती म्हणत नाही. तुमची कंपनी आमच्या मार्गावर रोज तोटा सोसते आणि तो दुसऱ्या चाळीस मार्गांवरून भरून काढते. भुंगा चालवणाऱ्या आमच्या कॅप्टनना दुसरा मार्गच नाही. नदीपलीकडच्या गावी काय झालं ते तू मला शिकवू नकोस. मोठं विमान आलं, भाडं एक तृतीयांश झालं, लोक हरखले, लहान कंपनी पाच महिन्यांत मेली आणि सहाव्या महिन्यात मोठं विमान "पुरेशी मागणी नाही" असं छापील कारण देऊन निघून गेलं. आज त्या धावपट्टीवर मोटार शिकवणारे लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवतात. म्हणून गावात तुमच्या विमानाला सगळे "पाहुणा" म्हणतात. नाव मी ठेवलेलं नाही, पण मला आवडलेलं आहे.

भुंगा तू पाहिलेला नाहीस, म्हणून थोडक्यात सांगतो. एकोणीस जागा, दोन पंखे, आत वाकून चालायचं. कंपनी म्हणजे एक कुटुंब: कॅप्टन स्वतः चालवतात, शेजारी त्यांची मुलगी बसते, तिकीट खिडकीवर त्यांची बायको असते (तिला सगळे कॅप्टनीणबाई म्हणतात आणि कॅप्टनही तिला जरा दबूनच असतात). सामान तोलायला एक गृहस्थ आहेत, त्यांचं नाव काटेवाले. हे सामानाबरोबर माणसंही तोलतात. इतक्या लहान विमानात कोण कुठे बसणार हे वजनावर ठरतं. काटेवाले चष्म्यावरून आकडा वाचतात, मोठ्याने बोलत नाहीत, नुसतं "तुम्ही मागे" असं म्हणतात आणि माणसाला आपलं आयुष्य कुठे चुकलं ते कळतं. मी कायम मागे असतो. एकदा हवेतच मला एक मुद्दा सुचला आणि पुढे बसलेल्या निवृत्त न्यायाधीशांना तो नीट समजावा म्हणून मी उठून पुढे गेलो, तर कॅप्टन मान न वळवता म्हणाले, "सर, मुद्दा जागेवर बसून सांगा, नाक खाली जातंय."

आता मुख्य विषय. तो म्हणजे तुझ्या मामीचा डावा डोळा. तुला माहीत आहे की ती छापखान्यात मुद्रितं तपासते. गेली तीस वर्षं या गावात जे काही बिनचूक छापलं गेलं ते तिच्यामुळे. गेल्या वर्षी तिला ओळी मध्येच खचलेल्या दिसायला लागल्या. तुमच्या शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की दर चार आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं, चुकवायचं नाही. ते डॉक्टर फक्त गुरुवारी बसतात. भुंगा रोज दोन फेऱ्या करायचा. सकाळी निघून संध्याकाळी आम्ही घरी यायचो. तुमचा पाहुणा येतो सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी. रस्त्याने गेलं तर अकरा तास, त्यातले चार घाटातले. आता तू मला प्रवाशाची सोय समजावून सांग.

या भुंग्याला सरकारी विमान कार्यालयाकडून थोडी मदत मिळते, कारण आमच्यासारख्या गावाला दुसरं कोणी येत नव्हतं. मदतीची अट एकच: तीन महिन्यांची सरासरी काढली तर दर फेरीला किमान नऊ माणसं असली पाहिजेत. पाहुणा आल्यावर नऊची सहा झाली. तेव्हा आमच्या "छोटं विमान बचाव समिती"ने (अध्यक्ष मी, हिशेबनीस निवृत्त न्यायाधीश) ठराव केला की सभासदांनी पाळीपाळीने विमानात बसायचं. काम असो वा नसो. सकाळी जायचं, तिकडच्या विमानतळावर एक चहा प्यायचा, त्याच विमानाने परत यायचं. पाळीपत्रक वाचनालयाच्या दारावर लागलं. आरंभी लोक नाखुशीने गेले, मग त्यांना गोडी लागली. शिंपीकाका जाताना सदऱ्यांना काजं करायचे आणि येताना बटणं लावायचे. मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्या उत्तरपत्रिका ढगात तपासल्या (त्या परीक्षेचा निकाल चांगला लागला, असं पालक म्हणतात). बेकरीवाल्यांचं आणि लाकूडवखारवाल्या दोघा भावांचं खिडकीवरून भांडण झालं, ते मिटवायला समितीची तातडीची बैठक घ्यावी लागली. मी स्वतः अकरा वेळा गेलो. अकरा वेळा तुझ्या शहरात उतरून तुझ्याकडे न येता चहा पिऊन परतलो, हे लिहिताना मला बरं वाटत नाही. पण तेव्हा बोलणं बंद होतं.

तिमाहीचा शेवटचा दिवस गुरुवार होता आणि नेमकी त्याच दिवशी मामीची इंजेक्शनाची वेळ होती. न्यायाधीशांनी तीन वेळा गणित करून सांगितलं की सकाळच्या फेरीला अठरा माणसं बसली तर सरासरी नऊच्या केसभर वर जाते, सतरा बसली तर केसभर खाली. मी आदल्या संध्याकाळी सभा घेतली. ढब्बू, मी पुष्कळ भाषणं केली आहेत, पण असं नाही. सगळ्या क्रांत्यांचे दाखले दिले. शेवटी म्हणालो, उद्या जो एकदा भुंग्यात बसला त्याने उठायचं नाही. कोणी विनवलं, धमकावलं, नियम दाखवला, तरी नाही. उठवायला येणारा आपल्या घरचा असला तरी त्या क्षणी तो परका समजा. लोक उभे राहिले. मामी दुसऱ्या रांगेत होती, ती बसूनच होती. घरी येताना म्हणाली, "भाषण छान झालं. जरा लांबलं." ती माझ्या भाषणांचीही मुद्रितं तपासते.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर एक्केचाळीस माणसं आली. जागा एकोणीस. मी लोकांना समजावत होतो की बाबांनो, भावना पोहोचल्या, आता बावीस जणांनी घरी जा. पण मीच पेटवलेली माणसं, ती काय माझ्या सांगण्याने विझतात? कोण बसणार यावर चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या, मग चिठ्ठ्या कोणाच्या टोपीत टाकायच्या यावर वाद झाला, मग व्यायामशाळेच्या मास्तरांनी सांगितलं की चिठ्ठ्या दुर्बळांसाठी असतात आणि ते आपल्या सहा चेल्यांसह सरळ काट्यावर जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागे बेकरीवाले, त्यांच्यामागे वखारवाले बंधू. सगळ्या गावातली भरीव माणसं त्या दिवशी तिथे होती. हे होईपर्यंत दहाचे साडेअकरा वाजले. हेच नडलं. काटेवाल्यांनी मला नंतर समजावलं की ऊन तापलं की हवा विरळ होते आणि विमानाला वजन कमी पेलतं. सकाळी दहाला जे वजन घेऊन भुंगा उडाला असता ते साडेअकराला घेऊन उडणार नाही. एकोणीस जण आत बसलो, पट्टे बांधले. काटेवाले पायरीवर चढून आत डोकावले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेचाळीस किलो जास्त होतात. एकाला उतरायला लागेल."

कोणी हललं नाही. काटेवाले म्हणाले, "फक्त एक. कोणीही." बेकरीवाल्यांनी डोळे मिटून घेतले. मास्तर म्हणाले, "काल काय ठरलंय? उठायचं नाही." काटेवाल्यांनी नियमाचा कागद दाखवला, तर वखारवाल्यांपैकी थोरले म्हणाले, "बघा, नियम दाखवतायत. सर बोलले होते, नियम दाखवतील." मला वाटलं, आता आपण बोलावं. मी म्हणालो की मित्रांनो, ही गोष्ट वेगळी आहे, कोणीतरी एकाने उतरायला हवं. तर शिंपीकाका वळून माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले की ढब्बू, मी त्यांच्याकडून पंचवीस वर्षं सदरे शिवतो, पण त्यांनी मला ओळखलं नाही. ते म्हणाले, "सर, तुम्हीच सांगितलं होतं, आपल्या घरचा असला तरी परका समजा."

तेव्हा पुढच्या जागेवरून तुझी मामी उठली. (ती हलकी म्हणून कायम पुढे असते.) पिशवी घेतली, काटेवाल्यांना विचारलं, "मी पिशवीसकट एकोणपन्नास भरते. चालेल?" चालणारच होतं. बेचाळीस किलो कमी होत होते आणि अठरा माणसं उरत होती. मी पट्टा सोडायला लागलो, तर न्यायाधीशांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि कानात म्हणाले, "तुम्ही उतरलात तर सतरा." मी म्हणालो, तिला बसवा आणि मी उतरतो. तोवर मामी पायऱ्या उतरून चालायलाही लागली होती आणि कॅप्टनच्या मुलीने दार लावलं होतं, कारण ऊन मिनिटामिनिटाला वाढत होतं आणि अजून उशीर झाला असता तर आणखी एकाला उतरायला लागलं असतं. विमान वळलं तेव्हा मला खिडकीतून ती दिसली. काळा चष्मा, हातात पिशवी, दुसऱ्या हाताने पदर सांभाळत पंख्यांच्या वाऱ्यात उभी. अठरा माणसं काही काम नसताना उडाली आणि जिला काम होतं ती खाली राहिली. हे मी घडवलं. दुसऱ्या कोणी घडवलं असतं तर मी त्याच्यावर दोन तास बोललो असतो.

तुझ्या शहरात उतरल्यावर बाकीचे चहाला गेले. मी डॉक्टरांकडे गेलो. का गेलो ते मलाही सांगता येत नाही. वेळ ठरलेली होती, कोणीतरी गेलं पाहिजे असं वाटलं. माझा नंबर लागला, आत गेलो, खुर्चीत बसलो. डॉक्टर म्हणाले, पेशंट कुठे आहे? मी सांगायला सुरुवात केली. मोकळा बाजार, दोनशे विमानं, सरासरी, बेचाळीस किलो, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग इंजेक्शन कोणाच्या डोळ्यात देऊ?" पुढे म्हणाले की चेष्टा सोडा, असं एक-दोन वेळा चुकलं तर गेलेली नजर परत येत नाही, डोळा तुमच्या समितीसाठी थांबणार नाही. पुढची वेळ त्यांनी येत्या सव्वीस तारखेची दिली.

बरं, सरासरी तरी वाचली का? वाचली. नऊच्या केसभर वर गेली. संध्याकाळी लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं म्हटलं, पण मास्तरांनीही एकदा माझ्याकडे बघून बेत सोडला. आणि आठ दिवसांनी विमान कार्यालयाचं पत्र आलं. त्यांच्या लक्षात आलं होतं की या गावचे लोक सामान न घेता जातात आणि त्याच विमानाने परत येतात. म्हणून चौकशी. चौकशी संपेपर्यंत मदत बंद. आणि शेवटच्या दिवशीच्या सर्व प्रवाशांनी छापील तक्त्यात "प्रवासाचे प्रयोजन" लिहून द्यावं. शिंपीकाकांनी "हवापालट" लिहिलं. बेकरीवाल्यांनी "समाजसेवा". न्यायाधीशांनी "हक्क बजावणे". मास्तरांनी आणि त्यांच्या सहा चेल्यांनी एकाच हस्ताक्षरात "खासगी" लिहिलं. मी सरळमार्गी माणूस, मी खरं तेच लिहिलं: "पत्नीस डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणे". आणि त्याच यादीत खाली, पत्नीच्या नावापुढे शेरा: "विमानातून उतरली".

गेल्या पंधरवड्यात न्यायाधीश आणि मी राजधानीला जाऊन आलो, मंगळवार ते शनिवार. सुनावणीची तारीख मिळवायला. तिथला अधिकारी वयाने तुझ्याएवढाच असेल. टेबलावर एक झाड ठेवलं होतं, त्याला मधून मधून पाणी घालत होता. माझं सगळं ऐकून घेतलं, एकदाही अडवलं नाही. (अडवणाऱ्यांशी मी चांगला बोलतो, न अडवणारे मला जमत नाहीत.) शेवटी माझा तक्ता पुढे ओढून म्हणाला, "काका, तुमचं म्हणणं, हे विमान गरजेचं आहे. मग एवढंच सांगा, त्या दिवशी आत बसलेल्यांपैकी गरज कोणाला होती?" ढब्बू, मी चाळीस वर्षं व्यासपीठावर काढली. तिथे मात्र मी त्या झाडाकडे बघत बसलो. सुनावणी वीस तारखेला आहे. तोवर कॅप्टन फक्त सोमवारी आणि शनिवारी उडतात, कारण रोज उडायला इंधन परवडत नाही. वीसला निकाल उलट गेला तर महिनाअखेरीला भुंगा बंद. कॅप्टनीणबाईंनी खिडकीतली कुंडी घरी नेली आहे. विचारलं तर म्हणतात, उन्हासाठी. मला ते लक्षण चांगलं वाटत नाही.

राजधानीहून घरी आलो तर मामीचा डोळा लाल होता. रडली असावी. मी विषय काढला की "बघू" म्हणते आणि मुद्रितं पुढे घेते. ओठांची हालचाल करत वाचते हल्ली. पूर्वी असं करत नसे. छापखान्याच्या मालकांनी एक नवी मुलगी ठेवली आहे, "मदतीला". मी रात्रंदिवस विचार करतो की वीस तारखेला काय बोलावं, आणि मी जे जे लिहून काढतो त्यात तो अधिकारी तोच एक प्रश्न विचारतो.

असो. तुझ्यावर राग नाही, असं म्हणणार नाही. आहे, पण तो आपल्या माणसावरचा आहे. ताईला सांग, औषध वेळेवर घेत जा. तू जेवत जा. घरात पाय न ठेवण्याचा जो नियम मी सभेत सांगितला होता, त्यात सभागृहाच्या बाहेर थोडी सूट आहे असं समज.

तुझा,
मामा

ता. क. नदीपलीकडच्या गावातून तुमची कंपनी का निघून गेली, त्याचे आकडे जर गुपित नसतील तर पाठव. सुनावणीत उपयोगी पडतील. गुपित असतील तर नको. तुझी नोकरी जाईल असं काही मला नको आहे. (तरी विचारून बघ.)

ता. क. दुसरा. वरचं सगळं पत्र मामीने नेहमीप्रमाणे तपासलं आहे. हे पुढचं मी ती स्वयंपाकघरात असताना लिहितो आहे. याच्या आधी चार कागद फाडले. ढब्बू, तुमचं विमान गुरुवारी सुरू कर. सकाळी नेणारं, संध्याकाळी आणणारं. वेळापत्रक तुझ्या हातात आहे. सव्वीस तारखेच्या आधी झालं तर बरं. गुरुवारी पाहुणा आला तर भुंग्याला उरलेले चार प्रवासीही राहणार नाहीत, हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. वर सहा पानं त्यावरच आहेत. ती सहा पानं खरी आहेत आणि हा परिच्छेदही खरा आहे. दोन्ही एका माणसाने लिहिले, याला माझा इलाज नाही. बुधवारी जाऊन शुक्रवारी यावं असं तू म्हणशील. पण छापखान्यातून तीन दिवस सुट्टी घेतली तर ती नवी मुलगी मदतीला राहणार नाही, मामीच्या जागेवर बसेल. आणि मामी तुमच्या विमानात पाय ठेवायची नाही. सभेत शपथ मी घेतली, पण पाळते ती. म्हणून मी असं ठरवलं आहे की जाताना तिला सांगायचं, कॅप्टननी मोठं विमान भाड्याने घेतलं आहे. येताना प्रश्नच नाही. डोळ्यात औषध घातल्यावर तिला विमान कुठलं ते दिसणार नाही. हे तिला कळता कामा नये. पाकीट मी स्वतः चिकटवतो आहे.

चि. ढब्बूस मामीचे आशीर्वाद.

छत्तीस वर्षांत यांनी पाकीट कधी स्वतः चिकटवलेलं नाही, त्यामुळे आत काहीतरी आहे हे कळलं. किटलीच्या वाफेवर धरलं, सुटलं. पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं होतं.

हे राजधानीला होते त्या बुधवारी मी तुमच्या विमानाने आले, तू घ्यायला आलास, गुरुवारी डॉक्टरांकडे नेलंस, शुक्रवारी बसवून दिलंस. यातलं एक अक्षर यांना माहीत नाही, आणि तू व वन्संनी तोंड मिटून ठेवलंत त्याबद्दल तुमचे उपकार. डोळा लाल दिसला तेव्हा यांना वाटलं मी रडले. मी तसं वाटू दिलं. सव्वीसची वेळ फोन करून पुढे ढकलून घेतली आहे. छापखान्यात मीच सांगितलं होतं की एक मुलगी ठेवा आणि तिला मी शिकवते. चांगली आहे, ऱ्हस्व-दीर्घ जरा कच्चं आहे.

आता काम. गुरुवारचं विमान सुरू करू नकोस. वीस तारखेला सुनावणीत हे बोलणार नाहीत, मी बोलणार आहे. न्यायाधीशांना मी सांगून ठेवलं आहे, यांना ते आदल्या दिवशी सांगतील. मी फक्त एवढंच सांगणार: त्या दिवशी काम होतं ते मला, आणि मी उतरले. नंतर मोठ्या विमानाने गेले. इंजेक्शनाला दहा मिनिटं लागली आणि त्यासाठी तीन दिवस घराबाहेर राहावं लागलं. भुंग्याने जाते तेव्हा दिवेलागणीला घरी असते. माझ्यासारख्या गुरुवारच्या पेशंट या गावात सात जणी आहेत, त्यांची नावं मी लिहून काढली आहेत आणि त्यांना बरोबर घेऊन जाणार आहे. समितीचे लोक काय म्हणतील ते म्हणोत. मी कुठल्या विमानात बसले ते यांना तिथेच सगळ्यांबरोबर कळेल. त्याचं मला जरा भय वाटतं, बाकी कशाचं नाही.

आकडे पाठवता आले तर माझ्या नावाने पाठव.

आणि सुनावणी हरलो, तर मात्र गुरुवारचं बघ. तेव्हा तुला पत्र मी लिहीन. हे पुन्हा चार कागद फाडत बसतील, तशी वेळ त्यांच्यावर आणू नकोस.